न सांगितलेला खाडा : एका अनुदान-अर्जाची हकिकत

सदाशिव पेठेतल्या एका खाणावळीत, पाण्याच्या पिंपाच्या वर, खिळ्याला एक लांबट वही टांगलेली असते. डावीकडे मुलांची नावे, पुढे महिन्याचे दिवस आणि प्रत्येक दिवसाच्या चौकटीत दोन वेळच्या जेवणाच्या दोन खुणा. गावी जायचे असेल तर आदल्या दिवशी सांगायचे, म्हणजे खाडा धरला जातो आणि तेवढे पैसे वजा होतात. न सांगता जेवायला आले नाही तर चौकट रिकामी राहते आणि पैसे मात्र लागतात. पुण्यात शिकायला राहिलेल्या कोणालाही हा नियम ठाऊक असतो. युवकांच्या मानसिक आरोग्यासाठी आमच्या संस्थेला जे अनुदान मिळाले, ते शेवटी या वहीतल्या रिकाम्या चौकटींमुळे मिळाले, आणि तिथवर पोहोचायला आम्हाला दोन अर्ज आणि जवळजवळ चौदा महिने लागले. लहान संस्थांना या अर्जांविषयी मराठीत वाचायला फारसे काही मिळत नाही, म्हणून ती हकिकत तपशिलाने लिहीत आहे.

आमचा न्यास सात विश्वस्तांचा आहे. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर न्यासाची चिटणीस म्हणून काम पाहते. सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठ या भागांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी आठवड्यातून दोन संध्याकाळी बोलायला बसायचे, एवढेच आमचे काम होते. परभणी, बीड, सोलापूर, यवतमाळकडून आलेली ही मुले प्लायवूडच्या आडोशात, समोर वेळापत्रक चिकटवून, दिवसाचे बारा-बारा तास बसतात. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षे असल्यामुळे आता थांबावे, असे नियम त्यांना लवकर सांगत नाही; घरचेही सांगू शकत नाहीत, कारण त्यांनी शेती गहाण ठेवून पैसे पाठवलेले असतात. ११ मार्च २०२१ रोजी, अवघ्या तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा करोनामुळे पुन्हा पुढे ढकलल्याचे कळले, तेव्हा नवी पेठेत मुले रस्त्यावर उतरली. बातम्यांत तो आंदोलनाचा दिवस म्हणून आला. आम्हाला त्यानंतरचे आठवडे आठवतात, कारण खोलीचे दार लावून पडून राहिलेल्या मुलांची संख्या त्या आठवड्यांत वाढली आणि आमच्या दोन संध्याकाळी त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हत्या.

पैसे लागणार हे उघड होते. परदेशी संस्थांची अनुदाने मोठी असतात, परंतु परदेशी निधी घ्यायला विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी लागते आणि त्या नोंदणीसाठी मागच्या तीन आर्थिक वर्षांत किमान १५ लाख रुपये संस्थेच्या उद्दिष्टांवर खर्च झालेले असावे लागतात. आमचा खर्च त्याच्या जवळपासही नव्हता. एखाद्या मोठ्या नोंदणीकृत संस्थेने निधी घ्यावा आणि त्यातला वाटा आमच्याकडे वळवावा, ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. म्हणून आम्ही देशातल्या पैशाकडे वळलो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, त्यामुळे पहिला अर्ज अशाच एका कंपनीच्या निधीकडे केला.

त्या अर्जात आम्ही मोबाइल ॲप मागितले. कंपनीच्या निवेदनात ‘नावीन्यपूर्ण प्रकल्प’ असे शब्द होते आणि नावीन्य म्हणजे तंत्रज्ञान असेच आम्ही धरून चाललो. मुलाने रोज आपली मनःस्थिती नोंदवायची, सलग काही दिवस ती खालावली की आमच्याकडे सूचना यायची, अशी कल्पना होती. अर्ज नामंजूर झाला. पत्रात एकच प्रश्न विचारलेला होता: मुले हे ॲप उघडतील असे तुम्हाला कशावरून वाटते? त्या प्रश्नाने मी फार अस्वस्थ झाले, कारण आम्ही एकाही मुलाला तसे विचारले नव्हते. नंतर विचारले, तेव्हा परभणीच्या एका मुलाने सरळ सांगितले, “मॅडम, अभ्यासिकेत शिरताना आम्ही फोन बंद करून ठेवतो. आणि ज्या दिवशी डोकं चालत नाही, त्या दिवशी तर घरचा फोनसुद्धा उचलत नाही.” आपले बरे चालले नाही, हे ज्याला सांगवत नाही त्याच्याकडूनच ते सांगितले जावे, अशी आमची अपेक्षा होती.

याच सुमारास मी त्या खाणावळीत गेले होते. खाणावळ चालवणाऱ्या काकू गेली वीस वर्षे पेठेतल्या मुलांना जेवू घालत आहेत. ॲपची हकिकत ऐकून त्या वहीकडे हात करून म्हणाल्या, “ताई, पोरगं बिघडायला लागलं की मला आधी कळतं. गावी जाणारा सांगून जातो. न सांगता खाडे पडायला लागले की समजायचं.” मग तुम्ही काय करता, असे मी विचारले. “काय करणार? डबा पाठवते खोलीवर. दुसऱ्या दिवशी तो तसाच परत येतो.” एवढे बोलून त्या पोळ्यांकडे वळल्या. न उघडलेला तो डबा त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोर होता. जी खूण मिळवण्यासाठी आम्ही लाखो रुपये मागत होतो, ती खिळ्याला टांगलेली होती. ती पाहणारे माणूसही होते. पुढे काय करायचे हे मात्र त्या माणसाला कोणी सांगितलेले नव्हते.

दुसरा अर्ज एका कौटुंबिक धर्मादाय न्यासाकडे केला. त्यातला पहिलाच रकाना होता, ‘यात नवे काय?’ आधी काय काय होऊन गेले आहे हे प्रामाणिकपणे लिहिल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही, असे माझे मत आहे. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या बाकावर प्रशिक्षित आज्यांना बसवले आणि त्यांच्याशी बोलून माणसांचे नैराश्य कमी होते हे २०१६ मध्ये शास्त्रीय चाचणीने दाखवले. पुण्यातल्याच इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राचा ‘आत्मीयता’ हा प्रकल्प नाशिक जिल्ह्यात सुरू झाला आणि पुढे गुजरातमधल्या मेहसाण्यात वाढला. गावातलीच माणसे तिथे गावातल्या दुःखी माणसांना हेरून आधार देतात. आणि धर्मादाय देणगीतून मानसिक आरोग्याचे नवे काम उभे राहण्याचे आपल्या शहरातले उदाहरण म्हणजे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीमुळे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते येरवड्यात सुरू केले. हे सगळे लिहून झाल्यावर आमचे नवे फार थोडे उरले, आणि ते तेवढेच आम्ही लिहिले: मदत मागण्याची वाट न पाहता, न सांगितलेल्या सलग तीन खाड्यांनंतर ओळखीच्या माणसाने चौकशी करायची, आणि त्या माणसाच्या मागे एक प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ सतत उभी असायची.

मग आकडे मागितले गेले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांसाठी ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते, परंतु ते सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले त्यांत महाराष्ट्र नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत, त्यांत १३,०४४ विद्यार्थी आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, २२,७४६ आहे. त्या अहवालात विद्यार्थ्यांचा रकाना वेगळा आणि बेरोजगारांचा वेगळा असतो. पदवी होऊन चार वर्षे झालेला, कुठेही प्रवेश नसलेला आणि तरीही पहाटे सहाला अभ्यासिकेत जाऊन बसणारा मुलगा यांपैकी कोणत्या रकान्यात जातो, हे त्या आकड्यांवरून कळत नाही, आणि आम्ही अर्जात तसेच लिहिले. वयाचाही प्रश्न आला. अनुदान देणाऱ्या न्यासाच्या लेखी युवा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या व्याख्येप्रमाणे १५ ते २४ वर्षे. आमची बहुतेक मुले त्याच्या पुढची. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात ही मर्यादा २९ आहे, त्याचा आधार घेऊन आम्ही वाढ मागितली आणि ती मिळाली. तिशी ओलांडलेल्यांना आम्ही परत पाठवत नाही. त्यांची नोंद वेगळी ठेवतो.

अर्जाचा सर्वांत अवघड भाग परिणाम मोजण्याच्या रकान्यातून सुरू झाला. आम्ही पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजणारी प्रश्नावली वापरण्याचे लिहिले होते. तिच्यात गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी करायची. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. मुलाखतीला बोलावले तेव्हा समितीवरच्या एका मनोविकारतज्ज्ञांनी आमचे सगळे कागद बाजूला ठेवले आणि विचारले, “रात्री साडेदहा वाजता नवव्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर आले, तर तुमचा स्वयंसेवक पुढच्या दहा मिनिटांत काय करील?” आमच्याकडे सद्भावना होती, अनुभव होता, लिहिलेले उत्तर नव्हते. त्यांनी अर्ज नाकारला नाही. दोन महिन्यांची मुदत दिली आणि हे उत्तर लिहून आणा असे सांगितले. संपूर्ण प्रक्रियेत आमच्यावर झालेला हा सर्वांत मोठा उपकार होता, असे मी आजही मानते.

ते दोन महिने आम्ही दर शनिवारी बसलो. मुलाला एकटे सोडायचे नाही, एवढे पहिले वाक्य लगेच लिहून झाले. दुसऱ्या वाक्यापासून वाद सुरू झाले. फोन कोणाला करायचा, त्या व्यक्तीने उचलला नाही तर दुसरा कोणाला, रात्री कोणत्या रुग्णालयात न्यायचे आणि तिथल्या डॉक्टरांशी आधी बोलणे झाले आहे का, रिक्षाचे पैसे कोण देणार, हे सगळे नावानिशी लिहावे लागले. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक सर्वांना पाठ असेल असे आम्ही समजत होतो; सहा स्वयंसेवकांपैकी दोघांनाच तो ठाऊक होता. एका स्वयंसेवकाला पोलिसांची भीती वाटत होती. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिला शिक्षा करू नये, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ मध्ये म्हटले आहे, आणि हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे, हे वाचून दाखवल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. घरी कळवायचे की नाही यावर तर तीन शनिवार गेले. त्याच कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि जिवाला धोका असेल तर तेवढ्यापुरता अपवादही केला आहे. शेवटी असे ठरले की, मुलाला विचारून, त्याच्या समोर आणि तो सांगेल त्याच नातेवाइकाला कळवायचे. कित्येकदा तो माणूस वडील नसतो, मावशी असते किंवा गावातले जुने गुरुजी असतात.

काकूंनी काय बोलायचे हेही याच बैठकांत ठरले, आणि ते त्यांनीच ठरवले. ‘काय झालंय तुला?’ असे विचारले की मुले ‘काही नाही’ म्हणतात, असा त्यांचा अनुभव. त्यांचे वाक्य असे आहे: “डबा भरलेला परत आला. मी येऊ वर, का तू खाली येतोस?” यात उत्तर द्यायला दोनच पर्याय आहेत आणि दोन्हींत भेट होते. इतकी वर्षे मानसशास्त्र शिकवूनही मला हे वाक्य सुचले नसते.

एका मुलीने घेतलेली हरकत मात्र आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती. “म्हणजे आमच्या जेवणावर पाळत ठेवणार का?” असे तिने बैठकीत विचारले. ती बरोबर होती. काळजी आणि पाळत यांत फरक संमतीचा असतो, आणि आम्ही संमती फक्त प्रश्नावलीसाठी घेणार होतो. तेव्हापासून महिन्याचे पैसे भरताना मुलाला विचारले जाते आणि होकार असेल तरच नावापुढे एक टिंब पडते. पहिल्या महिन्यात निम्म्याहून कमी मुलांनी होकार दिला. ज्यांच्या नावापुढे टिंब नाही त्यांच्या रिकाम्या चौकटी काकूंना दिसतात, त्यांचा जीव तुटतो, तरी त्या पूर्वीसारख्या फक्त डबा पाठवतात.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. १९६१ च्या आयकर कायद्याखालची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब आणि विश्वस्तांचा ठराव एवढे तयार ठेवावे. आमचे अडले ते बदल अर्जापाशी, म्हणजे विश्वस्त बदलल्याचे धर्मादाय आयुक्तांना कळवण्याच्या अर्जापाशी. एका विश्वस्तांचे निधन झाल्यावर नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करायचा असतो. तो आम्ही वेळेत केला नव्हता, आणि ती दुरुस्ती होईपर्यंत सहा आठवडे अर्ज पुढे सरकला नाही. चूक आमची होती.

अंदाजपत्रकाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण या क्षेत्रातला सर्वांत मोठा अन्याय मला तिथे दिसतो. अठरा महिन्यांसाठी आम्ही १४ लाख २० हजार रुपये मागितले होते. त्यांत १ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला दहा हजार, पर्यवेक्षणासाठी होते: स्वयंसेवकांनी आठवडाभर जे ऐकले ते एका अनुभवी तज्ज्ञासमोर मांडायचे, आपण कुठे चुकलो आणि आपल्यावर त्याचा काय परिणाम होतो आहे हे बोलायचे, यासाठी. अनुदान देणाऱ्या न्यासाने हा खर्च प्रशासकीय ठरवला आणि कापला. प्रशिक्षणाला पैसे, पोस्टरला पैसे, माहितीपटाला पैसे. ऐकणाऱ्याचे ऐकायला मात्र पैसे नाहीत, ही स्थिती मी अनेक संस्थांत पाहिली आहे. तेवीस-चोवीस वर्षांचा स्वयंसेवक रोज दुसऱ्याची निराशा ऐकून घरी जातो आणि सहा महिन्यांत काम सोडतो. मग त्याला अहवालात ‘गळती’ म्हणतात. मी समितीला लिहिले की रक्कम कमी करायची असेल तर माहितीपट काढा, पोस्टर काढा, माझा प्रवासखर्च काढा, पण पर्यवेक्षण काढले तर आम्हाला अनुदान नको. विश्वस्तांपैकी दोघांना हे पत्र फार कडक वाटले. उत्तर यायला तीन आठवडे लागले आणि त्या काळात मला नीट झोप लागली नाही. १२ लाख मंजूर झाले, पर्यवेक्षणासकट, तीन हप्त्यांत.

कामाला नऊ महिने झाले आहेत. सात खाणावळी आणि अकरा अभ्यासिका जोडल्या गेल्या आहेत. एका खाणावळीने दोन महिन्यांनी माघार घेतली, कारण मालकांना वेळ नव्हता, आणि आम्ही आग्रह केला नाही. दुसऱ्या हप्त्याआधीच्या अहवालात ‘यशोगाथा, छायाचित्रासह’ असा रकाना होता. आम्ही तो रिकामा ठेवला आणि कारण लिहिले. पेठा लहान आहेत. नाव बदलले तरी ‘मराठवाड्यातला, तिसऱ्यांदा मुख्य परीक्षेला बसलेला, अमुक खाणावळीत जेवणारा’ एवढ्या वर्णनावरून मुलगा ओळखू येतो, आणि त्याच्या परवानगीला मी पूर्ण परवानगी मानत नाही, कारण आपल्याला मदत करणाऱ्यांना नाही म्हणणे कोणालाही जड जाते. त्याऐवजी आम्ही किती वेळा चौकशी झाली, किती वेळा दार उघडले नाही, किती जणांना तज्ज्ञांकडे नेले आणि त्यांतले किती दुसऱ्यांदा गेले, हे आकडे दिले. दार न उघडण्याचा आकडा मोठा आहे आणि तो आम्ही लपवला नाही. हप्ता आला.

आता पुढच्या अर्जाचे काम सुरू आहे. त्यात ‘अनुदान संपल्यावर हा उपक्रम कसा चालेल?’ असा प्रश्न आहे. वहीला खर्च नाही, काकूंच्या चौकशीलाही नाही. त्यांना आम्ही फक्त प्रशिक्षणाच्या दिवसांची भरपाई देतो, तीही त्यांनी दोनदा नाकारून मग घेतली. खर्च आहे तो मानसशास्त्रज्ञाच्या पगाराचा आणि महिन्याला दहा हजारांच्या पर्यवेक्षणाचा. सरकारच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी हे काम जोडता येईल का, यासाठी आम्ही पत्र दिले आहे आणि एक बैठक झाली आहे. अजून काही ठरलेले नाही. रकान्यात तेवढेच लिहिले आहे, आणि सोबत पर्यवेक्षणाच्या नऊ महिन्यांच्या नोंदी जोडल्या आहेत: सहापैकी सहा स्वयंसेवक अजून कामावर आहेत.